एव्हबरीचे दगड : एका आवृत्तीची चिकित्सा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने माझ्याकडे चिठ्ठी दिली होती. कवितेची समीक्षा होते, चित्राची होते, अगदी इमारतीचीही होते; पण जमिनीत उभ्या केलेल्या अनघड दगडाची समीक्षा कशी करणार? त्याला कर्ता कुठे आहे? चिठ्ठी मी खिशात ठेवून घेतली, कारण प्रश्न बरोबर होता. समीक्षेला कर्ता लागतो. कुणीतरी काहीतरी निवडलं, काहीतरी टाकलं, असं दाखवता आलं तरच त्या निवडीबद्दल बरंवाईट बोलता येतं. पाऊस चांगला की वाईट यावर समीक्षा होत नाही.

तर आज मी हेच दाखवायचा प्रयत्न करणार आहे, की इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात एव्हबरी नावाच्या खेड्यात जी दगडांची वर्तुळं आहेत, त्यांना कर्ता आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा नव्हे, अगदी अलीकडचा. आणि त्याने जे केलं त्याबद्दल माझी तक्रार आहे. ती तक्रार नेमकी काय आहे हे मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली.

आधी जागा समजून घेऊ. स्टोनहेंज सगळ्यांना माहीत असतं, कॅलेंडरवर असतं. एव्हबरी तिथून उत्तरेला, फार लांब नाही. मुलगी तिकडे नोकरीला असताना मी आणि ही दोन महिने तिच्याकडे राहायला होतो, तेव्हा एका सकाळी स्विंडनहून बस पकडून गेलो. बसमधून उतरलो तर दगड दिसण्याआधी पब दिसला. रेड लायन. वर्तुळाच्या आत पब आहे, घरं आहेत, मोटारींचा हमरस्ता वर्तुळाला छेदून जातो, आणि उभ्या दगडांच्या मधून मेंढ्या चरत असतात. स्टोनहेंजला सत्तरच्या दशकापासून एरवी दोरीच्या अलीकडूनच बघावं लागतं. इथे तुम्ही दगडाला टेकून डबा खाऊ शकता. आम्ही खाल्लाही.

आकार ऐका. बाहेर मातीचा प्रचंड बांध, आत खंदक. हा खंदक मुळात सुमारे नऊ मीटर खोल होता, आणि तो खणायला हरणाच्या शिंगांची टिकावं वापरली. खंदकाच्या आतल्या काठाने मोठं वर्तुळ, सुमारे ३३० मीटर व्यासाचं, मुळात शंभराच्या आसपास दगड. त्याच्या पोटात आणखी दोन वर्तुळं. दगड सार्सन जातीचे, वालुकाश्माचे, न घडवलेले. सर्वांत जड दगड साठ टनांच्या वरचा मानतात. बांधकाम एका झटक्यात झालेलं नाही, इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं. दक्षिणेकडून दगडांच्या जोड्यांची एक वाट निघते, ती सुमारे अडीच किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका छोट्या वर्तुळापर्यंत जाते.

हे सगळं तुम्हाला आज दिसतं. म्हणजे निदान पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात दिसतं. आता गंमत अशी, की १९३० साली तुम्ही तिथे गेला असता तर ह्यातलं बरंचसं दिसलं नसतं.

का दिसलं नसतं? त्याची कथा दोन टप्प्यांत आहे. चौदाव्या शतकाच्या सुमारास गावकऱ्यांनी बरेच दगड खड्डे खणून त्यात आडवे पाडले आणि वर माती ओढली. दगड फोडले नाहीत, विकले नाहीत, पुरले. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात मात्र वेगळंच सुरू झालं. दगडाखाली खड्डा करून जाळ घालायचा, दगड तापला की त्यावर गार पाण्याची रेघ ओढायची, आणि घण मारायचा. दगड उकलतो. त्या तुकड्यांची घरं बांधायची. हे चालू असताना विल्यम स्टक्ली नावाचा एक वैद्य १७१९ ते १७२४ या काळात पुन्हापुन्हा तिथे येऊन मोजमापं घेत होता, चित्रं काढत होता, आणि कुणी कुठला दगड फोडला हे चिडून लिहून ठेवत होता. आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्याच्यामुळे.

स्टक्लीबद्दल एक बाजूला जाऊन सांगतो, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा माणूस फार शिकवून जातो. त्याच्या डोक्यात असं बसलं की ही सगळी रचना म्हणजे एक भला मोठा सर्प आहे. मुख्य वर्तुळ मध्ये, दोन बाजूंनी दगडांच्या दोन वाटा, एक डोकं आणि एक शेपूट. डोकं लांबट दिसावं म्हणून टोकाचं छोटं वर्तुळ त्याने नकाशात अंडाकार केलं. म्हणजे पुराव्यात ढवळाढवळच केली. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना त्याचा भरवसा वाटेना, आणि त्याने सांगितलेली पश्चिमेकडची दुसरी वाट, बेकहॅम्प्टनची, ही त्याच्या सर्पाची शेपूट म्हणून अनेकांनी निकालात काढली. १९९९ मध्ये उत्खनन झालं आणि त्या वाटेचे पुरावे जमिनीत सापडले. सर्प खोटा, पण शेपूट खरी! सिद्धान्त चुकला म्हणून निरीक्षण चुकलं असं होत नाही. वर्गात हे वाक्य मी कितीदा सांगितलं असेन, पण त्याला इतकं चांगलं उदाहरण हाताशी नव्हतं.

असो. मुख्य माणसाकडे येऊ. अलेक्झांडर किलर. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या प्रसिद्ध मार्मलेडवाल्या घराण्याचा वारस. संत्र्याच्या मुरंब्याचा पैसा दगडांत गेला. आधी १९२४ मध्ये त्याने जवळची विंडमिल हिल नावाची टेकडी विकत घेतली, कारण तिथे बिनतारी संदेशाचं केंद्र उभं राहणार होतं. मग तिथे उत्खनन केलं, आणि पुढे तो एव्हबरीकडे वळला. १९३४ आणि ३५ मध्ये दगडांची वाट, १९३७ ते ३९ मध्ये वर्तुळाचा पश्चिम भाग. त्याने पुरलेले दगड शोधले, बाहेर काढले, त्यांचे मूळ खड्डे ओळखले आणि त्याच खड्ड्यांत ते परत उभे केले. जो दगड फोडून नाहीसा झाला होता, त्याच्या जागी सिमेंटचा बुटका खांब लावला. झाडं तोडली, कुंपणं काढली. आणि वर्तुळाच्या आतली घरं, गोठे, कोठारं विकत घेऊन पाडायला सुरुवात केली. युद्ध आलं, काम थांबलं. १९४३ मध्ये त्याने सगळी मालमत्ता नॅशनल ट्रस्टला १२,००० पौंडांना दिली. घरं पाडण्याचं काम युद्धानंतरही काही काळ चालू राहिलं. वर्तुळातून उठलेल्या कुटुंबांतली कित्येक पश्चिमेच्या एव्हबरी ट्रुस्लो वस्तीत गेली.

आता माझं म्हणणं मांडतो. किलरने जे केलं ते उत्खनन नव्हतं, संपादन होतं. आणि हे म्हणताना माझ्यासमोर आपल्या पुण्यातलं, त्याच काळातलं एक काम आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक. योगायोग बघा, सुकथनकर गेले ते १९४३ मध्येच, किलरने हात झटकले त्या वर्षी. दोघांपुढचा प्रश्न एकच होता. एक प्राचीन वस्तू शतकानुशतकं लोकांच्या हातात आहे. लोकांनी तिच्यात भर घातली, काही गाळलं, काही दडवलं. यातून जुनं रूप कसं काढायचं?

सुकथनकरांनी काय केलं? देशभरातल्या पोथ्या ताडून पाहिल्या. जे सर्व शाखांना समान ते वर घेतलं. जे एखाद्याच शाखेत आहे ते खाली काढलं. पण खाली काढलं म्हणजे फेकलं नाही! तारांकित करून, क्रमांक देऊन, तळटीपेत छापलं. मोठे उतारे परिशिष्टांत दिले. संपादकाचा निर्णय तुम्हाला पटला नाही तर तो उलटवायची सगळी सामग्री त्याच पानावर आहे. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी कधी म्हटलं नाही की हे व्यासांचं मूळ. म्हटलं एवढंच, की उपलब्ध पोथ्यांवरून मागे जाता येईल तितकं मागे गेल्यावर मिळतं ते हे.

किलरची आवृत्ती या कसोटीला लावा. एका बाबतीत तो प्रामाणिक आहे, हे आधी मान्य करू. गेलेल्या दगडाच्या जागी नवा सार्सन आणून उभा करणं त्याला परवडलं असतं. त्याने सिमेंटचे कुरूप खांब लावले. तो कंस आहे, संपादकाचा कंस. इथे अक्षर गळालं आहे, मी ते भरलेलं नाही. मला ते खांब एव्हबरीतली सर्वांत सभ्य गोष्ट वाटतात. पर्यटक त्यांचे फोटो काढत नाहीत, मी काढले.

पण घरं? घरांना तळटीप नाही. वर्तुळाच्या आत जे गाव वाढलं होतं ते किलरला प्रक्षिप्त वाटलं. त्याने ते काढलं, आणि जिथून काढलं तिथे आज गुळगुळीत हिरवळ आहे. हिरवळीला वाचता येत नाही, मंडळी. तिथे चूल होती, कुणाची परसबाग होती, हे हिरवळ सांगत नाही. उलट ती असं भासवते की इथे पहिल्यापासून मोकळंच होतं. दगडाच्या गैरहजेरीला खांब आहे, माणसांच्या गैरहजेरीला नाही. माझी तक्रार ती ही.

यावर कुणी म्हणेल, सर, घरं काय कुठेही असतात, नवाश्मयुगीन वर्तुळ कुठे मिळणार? हा आक्षेप मला पूर्वी पटायचा. व्हिएन्नाचा कलेतिहासकार आलोइस रीगल, त्याने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांवर एक निबंध लिहिला, तो मी वर्षानुवर्षं शिकवला आहे. तो म्हणतो, जुन्या वस्तूला आपण एकाच कारणासाठी जपत नाही. इतिहासाचं मूल्य वेगळं; त्याला वस्तू तिच्या मूळ क्षणात बघायची असते, म्हणून मधली झीज, मधली भर त्याला नको असते. वयाचं मूल्य वेगळं. त्याला नेमकी ती झीजच हवी असते, काळ गेला हे डोळ्यांनी दिसायला हवं असतं. ही दोन मूल्यं एकमेकांच्या विरोधात जातात. फळ्यावर मी दोन रकाने आखायचो, विद्यार्थी उतरवून घ्यायचे. या हिशेबाने किलरने इतिहासाची बाजू घेतली, वयाची सोडली. एक वैध निवड. संपलं.

पण एव्हबरीत फिरताना ते रकाने मोडले. कारण गावातल्या भिंती. सतराव्या-अठराव्या शतकांतली ती साधी घरं जवळून पाहिलीत तर भिंतीत सार्सनचे तुकडे दिसतात. म्हणजे जाळ घालून फोडलेलं वर्तुळ कुठे गेलं? भिंतीत गेलं. आता विचार करा. एव्हबरीचा द्रव्यांश अशा भिंतीत आहे, आणि एव्हबरीचा आकार सिमेंटच्या खांबात आहे. मग मूळ कुठलं? ग्रीकांच्या थिसिअसच्या जहाजाची एक एक फळी बदलली, ते कोडं तुम्हाला माहीत आहे. आणि काढलेल्या फळ्यांचं शेजारी दुसरं जहाज बांधलं तर खरं कुठलं, हा हॉब्जने त्याला दिलेला पीळ. इथे ते दुसरं जहाज खरोखर बांधलेलं होतं, त्यात लोक राहत होते, चुलीवर बटाटे उकडत होते. अशा गावातून घरं काढून टाकणं ही केवळ भर काढणं नव्हे. पोथीची पानं ज्या भिंतीत चिणली गेली, ती भिंतही पोथीच्या परंपरेत येते. सुकथनकरांनी एकही प्रत हलकी म्हणून टाकली नसती.

आता एक हाड. १९३८ मध्ये किलरच्या लोकांनी एक पुरलेला दगड उचलला, तर त्याच्या खड्ड्यात माणसाचा सांगाडा. सोबत चांदीची तीन नाणी, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराची, एक कात्री, आणि शस्त्रक्रियेची सळई वाटावी असं एक अवजार. म्हणजे न्हावी, त्या काळचा न्हावी-वैद्य. गोष्ट तयार झाली. दगड पाडताना दगड अंगावर आला, बिचारा चिरडला, आणि गावकरी इतके घाबरले की पुढे दगड पाडायचेच थांबले. किती छान गोष्ट! देवाला हात लावला, देवाने शिक्षा केली. आपल्याकडच्या कुठल्याही म्हसोबाच्या कथेत बसेल. तो दगड आजही न्हाव्याचा दगड म्हणूनच ओळखला जातो. सांगाडा लंडनला गेला, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असं सगळ्यांनी धरलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो तिथल्याच एका संग्रहालयात सापडला. पुन्हा तपासला, तर चिरडल्याच्या खुणा हाडांवर मिळाल्या नाहीत. बहुधा मेलेलाच माणूस तिथे ठेवला गेला असावा. तरी गोष्ट हटत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी एक गृहस्थ आपल्या नातवंडांना तीच सांगत होते, हावभावांसकट. मी मधे बोललो नाही. हिने माझा हात धरून ठेवला होता म्हणून. (हशा)

हा न्हावी मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. मध्ययुगातल्या ज्या गावकऱ्यांनी दगड पुरले, त्यांच्यापैकी एकट्या यालाच किलरच्या आवृत्तीत तळटीप मिळाली. का, तर तो मेलेला होता आणि त्याच्याजवळ नाणी होती. कात्री घेऊन जिवंत असलेला एखादा न्हावी १९३८ मध्ये त्या वर्तुळात राहत असता, तर त्याचं घर पाडलं गेलं असतं.

आणि आता शेवटचा धागा, जो कळला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. दक्षिणेकडच्या आतल्या वर्तुळाच्या मध्यभागी एकेकाळी एक फार मोठा दगड होता. स्टक्लीने तो पडलेला पाहिला होता, नंतर तो गेला. १९३९ मध्ये किलरने त्याच्या आसपास खणलं तेव्हा त्याला छोट्या दगडांची सरळ ओळ आणि काही चर मिळाले. काही चर त्याला मध्ययुगीन वाटले, गाड्या ठेवायच्या शेडचे वगैरे. प्रक्षिप्त! २०१७ मध्ये लेस्टर आणि साउथॅम्प्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी यंत्रांनी जमिनीखालची पाहणी केली, तर ते दगड एका चौकोनाचा भाग निघाले, सुमारे तीस मीटर बाजूचा चौकोन. आणि त्या चौकोनाच्या मध्यावरचे ते चर? त्यांचं मत असं, की ते नवाश्मयुगाच्या आरंभीच्या एका घराचे असावेत. घर पडल्यावर त्याच्या आठवणीसाठी त्याच्याभोवती दगड उभे राहिले, आणि मग शतकानुशतकं भर पडत पडत हे सगळं प्रचंड प्रकरण झालं. हे अनुमान आहे, पुढे बदलूही शकेल. पण ते खरं असेल तर एव्हबरीचा मूळ श्लोक म्हणजे एक घर आहे. आणि संपादकाने तो वाचला, गाड्यांची शेड म्हणून बाजूला ठेवला, आणि आजूबाजूची घरं पाडत राहिला.

मी किलरला खलनायक करत नाही. तो नसता तर पुरलेले दगड आजही पुरलेलेच असते आणि आज मी इथे बोलत नसतो. त्याने पैसे मोजले, चोरी केली नाही. त्याच्या आधी १८७१ मध्ये जॉन लबकनेही इथली जमीन घेतली होती, तीही वर्तुळात घरं उठू नयेत म्हणूनच. हा लबक म्हणजे नवाश्मयुग हा शब्द देणारा; १८८२ चा ब्रिटनचा पहिला प्राचीन स्मारक कायदा त्याच्या खटपटीने झाला, आणि पुढे सरदारकी मिळाली तेव्हा त्याने नावही एव्हबरीचंच घेतलं. संरक्षण या कल्पनेच्या जन्मापासूनच घर आणि स्मारक हे एकमेकांचे शत्रू ठरले, ते असे. नंतर १९०४ मध्ये कर्झनच्या काळात आपल्याकडे कायदा आला, १९५८ चा आपला स्वतःचा आला, २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, पुढे दोनशे मीटर परवानगीने. अंतर मोजून दिलं की प्रश्न सुटतो असं कायद्याला वाटतं.

ऐंशीच्या दशकात मी विद्यार्थ्यांना घेऊन जुनापाणीला गेलो होतो. नागपूरजवळ, काटोलच्या रस्त्याला. तिथे जवळजवळ तीनशे शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली, एव्हबरीपेक्षा पुष्कळ अलीकडची. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात तिथे खणलं, आणि ते खळगे बघून त्याला आपल्याकडच्या, ब्रिटनमधल्या दगडांची आठवण झाली. तिथे दुपारी एक गुराखी एका दगडावर बसला होता. मी विचारलं, बाबा, हे काय आहे? म्हणाला, 'सरकारचे गोटे हायेत जी.' आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत जास्त हसलो, आणि परतीच्या वाटेत लोकांना वारशाची कशी जाण नाही यावर बसमध्ये भाषणही दिलं. आज वाटतं, तो माणूस रीगलपेक्षा नेमकं बोलला. त्याच्या आजोबाने त्या दगडाला दुसरं काही नाव दिलं असेल, शेंदूर लावला असेल, नसेल. आता दगड सरकारचे. तो फक्त बसला होता, तेही कुणी उठवेपर्यंत.

चिठ्ठीवाले श्रोते आज आलेत का? आलेत, छान. त्यांना एक सांगायचं राहिलं. एव्हबरीचा पूर्वेकडचा अर्धा भाग किलरने जवळजवळ हातच लावला नाही, युद्धामुळे. २००३ मध्ये यंत्रांनी तिथे जमिनीखाली आणखी दगड दाखवले, चौदाव्या शतकात आडवे निजवलेले. ते अजून तसेच आहेत, वर मेंढ्या. मला विचाराल तर मी म्हणेन, त्यांना उठवू नका. ज्यांनी ते पुरले त्यांचंही थोडं लिखाण त्या जागेवर राहू द्या. माझी ही म्हणते की उठवा, बघायला तरी मिळतील. आमच्यात यावर अजून एकमत नाही. प्रश्न असतील तर विचारा, वीस मिनिटं आहेत.